नाटकाचा सिनेमा करताना आधी विंगेत जा

मी सहा वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळली. तिसऱ्या घंटेआधी टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, दुसऱ्या अंकात फाटणारं पत्र दर प्रयोगाला नव्याने लिहून द्यायचं, ही माझी कामं. पुढे सिनेमात सहायक दिग्दर्शक झाले आणि तिथून पटकथेकडे वळले. त्यामुळे कोणाला नाटकाचा सिनेमा करायचा असला की मला फोन येतो. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "नाटक भारी आहे गं, फक्त जरा बाहेर काढायचंय."

सगळा घोळ या 'बाहेर काढण्यात' आहे. हिचकॉकने फ्रेडरिक नॉटच्या नाटकावरून 1954 साली 'डायल एम फॉर मर्डर' केला. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या गप्पांत त्याने या खोडीची मस्त थट्टा केली आहे. नाटकात पात्र सरळ दारातून आत येतं. पटकथा लिहिणाऱ्याला वाटतं, हा आला कुठून ते दाखवू. मग रस्ता येतो, टॅक्सी येते, भाडं चुकवणं येतं, जिना येतो. आणि एकदा माणूस खोलीत पोचला की पुन्हा नाटकच सुरू. हिचकॉकचं म्हणणं असं की नाटकाची ताकद त्याच्या कोंडलेपणात असते, ती घालवायची कशाला? तो जवळजवळ सगळा सिनेमा नाटकातल्या त्या एका फ्लॅटमध्येच राहिला.

हे मी वाचलेलं होतं, तरी पहिल्या खेपेला टॅक्सी आणलीच. एका मित्राचं दोन अंकी नाटक होतं. पिठाच्या गिरणीच्या मागची खोली, वडील नुकतेच गेलेले, बहीण गिरणी चालवते आणि पुण्याहून आलेल्या भावाला ती विकायची आहे. नेपथ्यात एक टेबल, एक गोदरेजचं कपाट, दोन दारं. खरी गिरणी विंगेत, रंगमंचाच्या बाजूच्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागेत, म्हणजे साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर. मी पहिल्या खर्ड्यात आठवडी बाजार घातला, जत्रा घातली, भावाचं पुण्यातलं ऑफिस घातलं, नदीवर ड्रोन फिरवला. 118 पानं झाली. निर्माते खूश. मी ती पानं तालमीच्या जागेत मोठ्याने वाचली आणि चाळिसाव्या पानाला माझ्याच लक्षात आलं, की भाऊ-बहीण समोरासमोर यायची वेळ आली की मी कोणाला तरी बाजारात पाठवते आहे. नाटकात त्यांना पळायला जागा नव्हती. मी त्यांना अख्खा जिल्हा मोकळा करून दिला होता.

त्यानंतर माझी जी पद्धत बसली, ती सांगते.

विंगेची यादी

संहिता हातात आली की पटकथा लिहायला बसू नका. एक वही घ्या आणि रंगमंचावर न घडणाऱ्या, फक्त कानावर येणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहा. विंगेतले आवाज, दोन अंकांच्या मधला काळ, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण जो कधीच येत नाही तो माणूस. शक्य असेल तर प्रयोग दोनदा बघा, एकदा प्रेक्षकांतून आणि एकदा विंगेतून. विंगेतून बघताना कळतं की अभिनेता आत येण्याआधी तीन सेकंद काय करतो. कोणी शर्ट सारखा करतो, कोणी दोन उड्या मारून दम लागल्यासारखं करून घेतो. त्या तीन सेकंदांत कधी कधी अख्खा शॉट दडलेला असतो.

यादी झाली की प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहायचा: हे दाखवलं तर खोलीतला ताण वाढतो की सुटतो? सुटत असेल तर ते विंगेतच राहू द्या.

जयंत पवारांच्या 'अधांतर'चं उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरणगावातली एक खोली, त्यात कापडगिरण्यांच्या संपात होरपळलेलं कुटुंब. संप, मालक, भाई, सगळं दाराबाहेर. 2010 साली महेश मांजरेकरांनी त्यावर 'लालबाग परळ' केला, हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड'. सिनेमा दाराबाहेर पडला आणि विंगेतलं बरंच काही समोर आलं. गिरण्यांचा तो आवाका मोठ्या पडद्याला हवाच होता, हे मान्य. पण बाहेरचं जग त्या खोलीच्या दारावर धडका देतंय, ही नाटकातली घुसमट मला सिनेमात कमी जाणवली. हे माझं मत, तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघा. अभ्यासाला याहून चांगली जोडी नाही.

उलट्या बाजूने 'कट्यार काळजात घुसली'. 1967 च्या दारव्हेकरांच्या नाटकात गायक पंडितजींच्या वाट्याला फार थोडं आहे. 2015 च्या सिनेमात सुबोध भावेंनी त्यांना भरपूर जागा दिली, त्यामुळे त्यांचे प्रतिस्पर्धी खांसाहेब यांच्या मत्सराला समोर एक चेहरा मिळाला. इथे विंगेतला माणूस बाहेर आल्याने ताण वाढला.

वस्तूंचीही यादी करा. मी प्रॉपर्टीवाली, मला तिथेच आधी दिसतं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये एक नाटकमंडळी गंमत म्हणून नायिका बेणारेवर लुटुपुटूचा खटला भरते. सुरुवातीलाच दाराच्या कडीत तिचं बोट चिमटतं. वाचताना ती गंमत वाटते. पुढे तिला बाहेर पळायचं असतं तेव्हा तीच कडी निघत नाही. नाटकात हे विसाव्या रांगेतल्या माणसाला ऐकून कळावं लागतं. कॅमेऱ्याला ती कडी हातभर अंतरावरून दिसते. तेंडुलकरांनी नाटकात क्लोजअप लिहूनच ठेवला होता म्हणा ना. या नाटकावर 1971 साली सत्यदेव दुबेंनी सिनेमा केला. पटकथा तेंडुलकरांचीच, बेणारे सुलभा देशपांडे, आणि कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. त्याच निहलानींनी 1984 साली एलकुंचवारांची 'पार्टी' पडद्यावर आणली. एका घरातली एक रात्र, तरी तो सिनेमा कुठेही चित्रित केलेलं नाटक वाटत नाही. कोण कोणाकडे बघतंय आणि कोण बघायचं टाळतंय, यावरच तो चालतो.

माहिती, वार, गाणं

आता संवाद. इथे वेळ द्या, कारण कात्री इथेच चालते आणि इथेच चुकते.

मी तीन रंगांची पेनं घेऊन बसते. प्रत्येक वाक्य तीनपैकी एका खात्यात जातं. पहिलं खातं माहिती: "बाबांना जाऊन आज तेरा दिवस झाले." दुसरं वार: समोरच्याला टोचायला, अडवायला, हलवायला बोललेलं. तिसरं गाणं: ज्याचा अर्थ नंतर, आधी नाद. माहिती जवळजवळ सगळी उडते, कारण हार घातलेला फोटो आणि भावाचं केस उतरवलेलं डोकं दिसलं की तेरा दिवस वेगळे सांगावे लागत नाहीत. वार ठेवायचे, पण प्रत्येक वेळी विचारायचं की हा वार जिभेऐवजी हाताने करता येईल का. गाण्याला हात लावायचा नाही. 'कुणी घर देता का घर' याला कात्री लावणारा माणूस मराठी थिएटरातून सुखरूप बाहेर पडणार नाही.

पण गाणं ठेवायचं म्हणजे आहे तसं उचलून ठेवायचं, असंही नाही. स्वगताची खरी अडचण ही की नाटकात ते ऐकायला आठशे माणसं बसलेली असतात. अप्पासाहेब बेलवलकर अंधारातल्या प्रेक्षागृहाशी बोलतो आणि ते त्याला शोभतं, नटच आहे तो. कॅमेऱ्यासमोर ते प्रेक्षागृह नाही. मग हा माणूस बोलतो कोणाशी? 2016 च्या 'नटसम्राट'मध्ये याचं एक उत्तर म्हणजे रामभाऊ. शिरवाडकरांच्या नाटकात नसलेला मित्र, विक्रम गोखल्यांनी केलेला. त्याच्यामुळे अप्पाच्या आतलं बोलणं ऐकायला बरोबरीचा माणूस मिळाला. नवं पात्र घालायचं तर असं एखादं काम त्याच्याकडे हवं. नुसतं 'रिलीफ' म्हणून घातलेला चहावाला नको.

बेणारेच्या शेवटच्या स्वगताचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिथे रंगमंचावरचे बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात, आणि ती जे बोलते ते त्या खोलीत कोणालाच ऐकू गेलेलं नसतं. नाटकात प्रकाश बदलला की प्रेक्षक हा करार मुकाट मान्य करतो. सिनेमात माणसं पुतळ्यासारखी उभी केली की डोळे मिटलेत का, श्वास दिसतोय का, हेच बघत बसतो आपण. मला करायचं झालं तर मी गोठवणार नाही. तिच्या चेहऱ्यावर राहीन आणि मागे कोर्टाचा फाजीलपणा आवाज बंद करून चालू ठेवेन.

तीन पानांचं एक वाक्य

गिरणीच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या मध्यावर बहिणीला कळतं की भावाने परस्पर गिरणीचा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला. तीन पानांचा प्रवेश, दोन हमखास टाळ्या. मित्राचा तो जीव की प्राण.

मी पटकथा बाजूला ठेवली आणि तीन सकाळी एका खऱ्या गिरणीत जाऊन बसले. तिथे जे दिसलं ते नाटकात कुठेच नव्हतं. एक तर मोटर चालू असताना कोणाला काही ऐकू येत नाही. सगळे ओरडतात किंवा खुणा करतात. डबे रांगेत असतात, माणसं नसली तरी. भाजणीचा वास पुढच्या गव्हाला लागतो म्हणून बायका कोणाचं दळण कोणाच्या मागे ते बघूनच डबा ठेवतात. आणि गिरणीवाल्याच्या भुवया कायम पांढऱ्या. स्वच्छ कपड्यातला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही.

बस. प्रवेश तिथेच मिळाला. भाऊ काळा शर्ट घालून उंबऱ्यावर उभा. बहीण वरच्या पेटीत गहू ओततेय. तो तिथूनच सांगायचा प्रयत्न करतो. तिला ऐकू येत नाही, की येतंय आणि ती येऊ देत नाही, हे आपल्याला कळत नाही. तो आवाज चढवतो. ती डबा काट्यावर ठेवते, वजन बघते, पैसे परत देते. तो आणखी चढवतो. आणि वीज जाते. दगड एकदम थांबत नाहीत, फिरत फिरत मंदावतात, आवाज उतरत उतरत बंद होतो, आणि त्याच्या टिपेच्या आवाजातलं अर्धं वाक्य त्या शांततेत सगळ्यांसमोर पडतं: "...सही केली मी!" पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या. कोणी वळून बघत नाही. बहीण पिठाच्या कापडी बाहीवर दोन चापट्या मारते, अडकलेलं पीठ पाडायला.

तीन पानं गेली, तीन शब्द राहिले. यात नवं ठिकाण एकच, तेही नाटकातच होतं, विंगेत. आणि भांडण बंद दारामागून चारचौघांत आल्यामुळे ते वाईटही जास्त झालं.

चित्रीकरणाचं दुखणं वेगळं. मोटर चालू ठेवून सिंक साउंड, म्हणजे शॉटसोबतच रेकॉर्ड होणारा संवाद, मिळत नाही, आणि बंद ठेवली की नट घरात बोलल्यासारखं बोलतात. आम्ही टेकआधी अर्धा मिनिट मोटर चालवायचो, सगळ्यांचे आवाज चढले की बंद, आणि त्याच पट्टीत लगेच ॲक्शन. पट्टा कॅमेऱ्यात दिसत असेल तर तो शॉट वेगळा, मुका. मोटरचा, दगडांचा, वीज गेल्यावर उतरणारा आवाज शेवटच्या दिवशी स्वतंत्र रेकॉर्ड केला, सात वेळा. कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळूनही लेन्सवर पीठ बसायचंच. असिस्टंट पोरगा दर टेकनंतर ब्रश घेऊन धावायचा.

भिंती जवळ आणणं

बहुतेक वेळ खोलीतच राहायचं तर खोली बदलत राहिली पाहिजे. याचा धडा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये आहे. मूळ रंगमंचाचं नाही, 1954 चं टीव्ही नाटक, पण अडचण तीच: एक खोली, बारा माणसं. 1957 च्या सिनेमात सिडनी ल्युमेटने सुरुवातीला रुंद लेन्स लावून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला. पुढे कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला, मग त्याच्याही खाली. लेन्स लांब होत गेल्या. त्यामुळे भिंती माणसांच्या पाठीला येऊन चिकटल्या आणि शेवटी छतही डोक्यावर दिसू लागलं. माणसं बाहेर पडतात तो शेवटचा शॉट पुन्हा रुंद. बघणाऱ्याला हे कळत नाही, फक्त शेवटी मोकळा श्वास घेतल्यासारखं होतं.

आमची मागची खोली दहा बाय बाराची. पहिल्या भागाला 24 आणि 35 मिलिमीटरच्या रुंद लेन्स, नंतर 50, आणि इसारानंतर लांब, 85. दहा बाय बाराच्या खोलीत 85 लावायला मागे सरकायला जागाच नाही. एक भिंत पत्र्याची होती. नटबोल्ट काढून ती बाजूला घेतली आणि कॅमेरा गल्लीत ठेवला, शेजारच्यांच्या म्हशीशेजारी. लोकेशन बघायला जाल तेव्हा कुठली भिंत निघते हे आधी विचारा, खोली किती छान दिसते ते नंतर.

शंभर प्रयोग केलेला नट

नाटकातलेच नट घ्यावेत का? घ्या, पण त्यांच्या अंगात हशाच्या जागा बसलेल्या असतात हे धरून चाला. आमच्या भावाने ती भूमिका शंभराहून जास्त वेळा केली होती. ठरावीक वाक्यानंतर तो नकळत थांबायचा, हशा ओसरायची वाट बघत. सेटवर हशा नाही, त्यामुळे नुसतं भोक. शिवाय बहिणीशी बोलताना खांदा पाऊण प्रेक्षकांकडे. "दादा, जरा कमी करा" म्हणून काही होत नाही, उलट नट बिथरतो. हाताला काम द्या. बहिणीच्या रागाच्या प्रवेशात मी त्याला सुटे पैसे मोजायला लावले, मोजणी चुकली तर टेक पुन्हा. मोजता मोजता हशाच्या जागा आपोआप बुजल्या आणि आवाजही खाली आला.

आणि पहिल्याच आठवड्यात उरकायचं काम म्हणजे हक्क. लेखकाची, हयात नसल्यास वारसांची लेखी परवानगी घ्या, नाटकाच्या निर्मात्याने हो म्हटलं म्हणून भागत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. देवल 1916 साली गेले, गडकरी 1919 साली, त्यामुळे 'शारदा' किंवा 'एकच प्याला' कोणीही घेऊ शकतं. शिरवाडकर 1999 साली गेले, तेव्हा 'नटसम्राट'साठी 2059 संपेपर्यंत परवानगी लागणार. संगीत नाटकातल्या चालींचं आणि ध्वनिमुद्रणाचं पुन्हा वेगळं बघा.

पहिला कट झाला की दोन चाचण्या. आधी आवाज बंद करून सगळा सिनेमा बघा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. डोळे मिटूनही सगळं समजत असेल तर तुम्ही नभोनाट्य केलंय. आमच्या 83 पानांच्या पटकथेच्या सिनेमात चौतिसाव्या मिनिटाला असा एक चार मिनिटांचा पट्टा आहे. वकिलाचा प्रवेश. पाठ करून ऐकला तर एक शब्द सुटत नाही, आवाज बंद करून बघितला तर दोन माणसं खुर्च्यांवर बसलेली. एडिटरने दोनदा कापला, दोन्ही वेळा पुढचं इसाराचं गणित लागेना, मी दोनदा परत लावला. अजून तिथेच आहे.